वाचकांचे प्रश्न: घरी जुळवलेला सिंथेसायझर गप्प का बसतो?

सिंथेसायझर या विजेवर स्वर निर्माण करणाऱ्या वाद्याचे किट घरी जुळवण्याविषयी गेल्या अंकात लिहिले, तेव्हा किट बिघडले तर त्याची लक्षणे सविस्तर कळवावीत, अशी विनंती मी केली होती. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत ‘किट चालत नाही’ एवढेच एक वाक्य आहे. डॉक्टरांकडे जाऊन ‘बरे वाटत नाही’ एवढेच सांगावे आणि औषधासाठी हात पुढे करावा, तसा हा प्रकार आहे. काय ऐकू येते, काय तापते आणि कुठली खुंटी फिरवल्यावर काय बदलते, हे ज्या वाचकांनी लिहिले, त्यांची पत्रे संक्षेपाने येथे देत आहे.

प्रश्न: आमच्या हायस्कूलच्या विज्ञान मंडळातील मुलांनी ५५६ या आयसीवर (चिपवर) चालणारी, दोन खुंट्यांची आठ ध्वनी-किटे जुळवली. पाच उत्तम वाजतात. दोन मुकी आहेत आणि त्यांतील एकाचा आयसी हात लावू नये इतका तापतो. आठवे वाजते, पण इतरांपेक्षा पुष्कळ खालच्या स्वरात घरघरते आणि त्याच्या दुसऱ्या खुंटीचा काही उपयोग होताना दिसत नाही. मुलांनी दोनदा आयसी बदलून पाहिले. आता सगळे भाग उपसून नव्याने लावावेत का? (एक विज्ञान शिक्षिका, डिचोली)

उत्तर: कृपा करून काहीही उपसू नका. एकाच किटाचे आठ नमुने आणि त्यांतले पाच वाजणारे, ही चैन दुरुस्ती करणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येते. वाजणारे किट शेजारी ठेवून दोन्हींवर त्याच जागी मल्टिमीटर लावत गेल्यास आकडा जिथे वेगळा येतो, त्याच्या आसपासच दोष सापडतो.

तापणाऱ्या आयसीपासून सुरुवात करू. ५५६ हा दोन टायमर पोटात असलेला, चौदा पायांचा आयसी आहे. त्याच्या ७ क्रमांकाच्या पायाला बॅटरीचा ऋण आणि १४ क्रमांकाच्या पायाला धन जातो. हे दोन पाय एकमेकांच्या तिरक्या समोर असल्यामुळे आयसी उलटा बसवला की धन आणि ऋण यांची नेमकी अदलाबदल होते आणि तो काही क्षणांत तापतो. सॉकेटवरची खाच आणि आयसीवरची खाच एकाच बाजूला आहेत का, एवढे पाहू नका. पीसीबीवर (सगळे भाग बसवायच्या, तांब्याच्या रेषांच्या पाटीवर) छापलेल्या आकृतीतली खाचही पाहा, कारण सॉकेटच उलटे सोल्डर केलेले असेल तर मुलांनी दोन्ही वेळा नवा आयसी तितक्याच निष्ठेने उलटा बसवला असण्याचा संभव आहे. सॉकेट उलटे असले तरी ते काढण्याची गरज नाही. आयसी छापील आकृतीप्रमाणे बसवा आणि सॉकेटच्या चुकीच्या खाचेवर रंगाचा ठिपका द्या. तापलेला आयसी मात्र पुन्हा वापरू नका.

दुसऱ्या मुक्या किटात आयसी बाहेर काढून सॉकेटच्या ७ आणि १४ या छिद्रांमध्ये नऊ व्होल्ट येतात का ते मोजा. येत असतील तर आयसी बसवून ४ आणि १० हे पाय मोजा. हे ‘रिसेट’चे पाय आहेत आणि त्यांना धन व्होल्टेज मिळाले नाही तर आयसी निरोगी असूनही तोंड उघडत नाही. त्यानंतर ५ आणि ९ हे बाहेर जाणारे पाय तपासा. तेथे मीटर शून्य किंवा पूर्ण व्होल्टेज न दाखवता मधलाच काही आकडा दाखवत असेल, तर आयसी वाजतो आहे आणि आवाज पुढच्या वाटेवर कुठे तरी अडतो आहे, असे समजावे. याहून सोपी युक्ती म्हणजे जुन्या इअरफोनच्या तारेत ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर जोडून त्याचे टोक एकेका पायाला टेकवत जाणे. इअरफोन कानात घालू नका, टेबलावर ठेवा. आवाज मोठा येतो.

माझा अंदाज विचाराल, तर हा दोष सोल्डरच्या सांध्यात आहे. मुले सोल्डर तापलेल्या आयर्नच्या टोकावर घेतात आणि रंगाच्या ब्रशने ठिपका द्यावा तसे पायावर ठेवतात. वितळलेले सोल्डर गार पायावर बसले की वरून चिकटल्यासारखे दिसते, पण आतून धरत नाही. आपले नेहमीचे ६०-४० सोल्डर १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळते आणि आयर्नचे टोक ३३० ते ३५० अंशांवर असावे लागते. टोकाने पीसीबीवरची तांब्याची कडी आणि भागाचा पाय असे दोन्ही दोन-तीन सेकंद तापवावेत आणि मगच सोल्डरची तार टोकाला नव्हे, तर पायाला लावावी. चांगला सांधा चवथीच्या मोदकासारखा दिसतो, म्हणजे खाली पसरलेला आणि वर पायाकडे निमुळता होत गेलेला. बुंदीच्या लाडवासारखा गोल गरगरीत सांधा दिसला की तो पुन्हा तापवावा.

आता घरघरणारे आठवे किट. आपल्या पत्रातले हे लक्षण मला सर्वांत आवडले, कारण त्यातच उत्तर आहे. फॉरेस्ट मिम्स या अमेरिकन लेखकाने १९८० च्या दशकाच्या आरंभी मांडलेल्या ‘स्टेप्ड टोन जनरेटर’ या सर्किटावर अशी बहुतेक किटे बेतलेली असतात. त्यात पहिला टायमर सतत स्पंदने देतो आणि दुसरा टायमर प्रत्येक स्पंदनानंतर ठरावीक काळ अडून राहतो. तो अडून राहण्याचा काळ मोठा असेल तर मधली एक, दोन, तीन स्पंदने गळतात, आणि म्हणून दुसरी खुंटी फिरवली की स्वर सरकत न जाता जिना उतरल्यासारखा पायरी-पायरीने उतरतो. या दोन टायमरांचे कपॅसिटर सहसा ०.०१ आणि ०.१ मायक्रोफॅरडचे असतात. त्यांवर अनुक्रमे १०३ आणि १०४ छापलेले असते आणि दिसायला दोघे जुळे भाऊ. त्यांची अदलाबदल झाली की पहिल्या टायमरची कंपनसंख्या दहापट घटते, तर दुसऱ्याचा अडून राहण्याचा काळ दहापट तोकडा होऊन पायऱ्या जवळजवळ नाहीशा होतात. आपण लिहिलेली दोन्ही लक्षणे हीच आहेत.

शाळेत पेटी असेल तर मुलांना हे ऐकवताही येईल. दहापट म्हणजे आठपट गुणिले सव्वापट. आठपट म्हणजे तीन सप्तके, आणि सव्वापट म्हणजे षड्जापासून शुद्ध गंधारापर्यंतचे अंतर. म्हणून खुंटी त्याच जागी असताना चांगल्या किटात जिथे गंधार वाजतो, तिथे या किटात तीन सप्तके खालचा षड्ज लागला, तर कपॅसिटर बदलले आहेत हे आयर्न गरम करण्याआधीच कळेल. (पेटीचा गंधार या गणितातल्या गंधाराहून किंचित चढा असतो, आणि कपॅसिटरांच्या किमतीही छापल्याप्रमाणे तंतोतंत नसतात, एवढी सूट कानाने द्यावी.)

प्रश्न: परदेशाहून मागवलेल्या मॉड्युलर (सुटे विभाग जोडून बनणाऱ्या) किटातला फिल्टर मी जुळवला. वीजपुरवठ्याची चपटी केबल लावताना लाल रेघ धन बाजूला ठेवली. क्षणभर वास आला, मी लगेच बंद केले. आता केबल सरळ लावली तरी आवाज येत नाही. किट टाकून द्यावे लागेल का? (एक गिटारवादक, मडगाव)

उत्तर: टाकून देऊ नका. आपण केलेली चूक अत्यंत स्वाभाविक आहे. लाल म्हणजे धन हे आपल्याला बॅटरीच्या क्लिपपासून शिकवलेले असते, आणि युरोरॅक या मॉड्युलर सिंथेसायझरांच्या पद्धतीत मात्र केबलची लाल रेघ उणे बारा व्होल्टची बाजू दाखवते. दहा पिनांची केबल उलटी लावली की मधल्या सहा ग्राउंडच्या पिना जागच्या जागी राहतात आणि टोकांचे अधिक बारा व उणे बारा तेवढे जागा बदलतात.

आधी केबल काढलेल्या स्थितीत वीजपुरवठ्याच्या वाटेवरचे दोन डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारे भाग) आणि असतील तर दहा ओहमचे दोन रेझिस्टर मोजा. काही किटांत हे डायोड उलटा प्रवाह अडवतात आणि तशा स्थितीत आतले सगळे वाचलेले असते. काही किटांत ते उलटा प्रवाह स्वतःवर घेतात, आणि तेव्हा जळतो तो रेझिस्टर. बहुधा वास त्याचाच होता. डायोड नसतीलच तर सर्व आयसी बदलावेत. टीएल०७२ आणि टीएल०७४ हे आयसी महाग नसतात, आणि अर्धवट दुखावलेला आयसी तपासत बसण्यात जाणारा वेळ त्याच्या किमतीपेक्षा मोलाचा असतो. बदलताना एक सापळा लक्षात ठेवा. आठ पायांच्या टीएल०७२ मध्ये चौथा पाय ऋण आणि आठवा धन असतो, तर चौदा पायांच्या टीएल०७४ मध्ये चौथा पाय धन आणि अकरावा ऋण. नवा आयसी बसवण्याआधी रिकाम्या सॉकेटवर ही व्होल्टेजे मोजा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुगलेला दिसला तर तोही बदला, आणि त्यावरची पट्टी ऋण पाय दाखवते हे विसरू नका. टँटलमच्या थेंबावरची पट्टी मात्र धन पाय दाखवते. हा घोळ कोणी आणि का घालून ठेवला, हा प्रश्न मलाही पडतो.

प्रश्न: मी पेटी वाजवतो. जत्रेच्या नाटकांना साथ करण्यासाठी हौसेने एक व्होल्ट-प्रति-सप्तक पद्धतीचा सिंथेसायझर जुळवला. दुपारी घरच्या बलकावात (व्हरांड्यात) काळी एक स्वरात चोख मिळवलेले वाद्य रात्री मंडपात बेसूर होते. खालचा षड्ज मिळवला तर वरचा मिळत नाही. तीन वेळा ऑसिलेटरचा (स्वर निर्माण करणाऱ्या भागाचा) आयसी बदलला. (एक संगीतप्रेमी, फोंडा)

उत्तर: आयसीने आपले काही बिघडवलेले नाही. बिघडवले आहे ते हवेने, आणि त्याचे कारण या वाद्यांच्या मुळाशीच आहे.

आपला कान कंपनसंख्येच्या पटींवर चालतो. एक सप्तक वर म्हणजे दुप्पट, दोन म्हणजे चौपट. की-बोर्डकडून येणारे व्होल्टेज मात्र एक, दोन, तीन असे सरळ वाढते. या सरळ वाढीचे पटींत रूपांतर करण्यासाठी ट्रान्झिस्टरच्या अंगच्या एका गुणाचा उपयोग केला जातो: त्याच्या बेसवरचे व्होल्टेज सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढवले की त्यातून वाहणारा प्रवाह दुप्पट होतो. म्हणजे आपले अख्खे सप्तक त्या ट्रान्झिस्टरच्या दारात १८ मिलिव्होल्टमध्ये मावलेले असते. त्याच ट्रान्झिस्टरचे बेस-व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे दोन मिलिव्होल्टने सरकते. दोन भागिले अठरा म्हणजे सप्तकाचा नववा हिस्सा. तेव्हा काहीच उपाय न केलेल्या सर्किटात केवळ एका अंशाच्या फरकाने स्वर अर्ध्या स्वराहूनही अधिक हलेल.

म्हणून चांगल्या किटात एकसारखे दोन ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून बसवायचे असतात, म्हणजे एकाचे सरकणे दुसऱ्याच्या सरकण्याने फिटते. ते एकमेकांना टेकलेले आहेत का, हे आधी पाहा. पीसीबीवर सुबक दिसावेत म्हणून पुष्कळजण ते दूरदूर, ताठ उभे करतात. त्यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा थेंब देऊन वरून उष्णतेने आकसणारी नळी चढवा.

एवढे केल्यावरही एक दोष उरतो. ते १८ मिलिव्होल्ट स्वतःच तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे एक-तृतीयांश टक्क्याने वाढतात. अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पिले तर एका सप्तकामागे हा फरक दर अंशाला चार भाग इतका होतो. दुपारच्या बलकावात आणि रात्रीच्या मोकळ्या मंडपात दहा अंशांचा फरक असेल, तर मिळवलेल्या षड्जापासून एक सप्तक दूरचा षड्ज चाळीस भागांनी आणि तीन सप्तके दूरचा षड्ज अर्ध्या स्वराहून अधिक चुकेल. गार हवेत सप्तके ताणली जातात आणि गरम हवेत आकसतात. ‘खालचा मिळवला तर वरचा मिळत नाही’ हे आपले वाक्य नेमके याच दोषाचे वर्णन आहे. या दोषावर उपाय म्हणून त्या जोडीशेजारी तापमानाबरोबर दर अंशाला ०.३३ टक्के वाढणारा विशेष रेझिस्टर लावतात. तो किटात आला असेल आणि आपण हरवला म्हणून त्याच किमतीचा साधा रेझिस्टर लावला असेल, तर सगळा उलगडा झालाच.

सुरात लावण्याची रीतही बदला. वाद्य किमान अर्धा तास चालू ठेवावे, तेही जिथे वाजवायचे तिथेच. मग तीन सप्तकांतले षड्ज पेटीशी ताडून पाहावेत. तिन्ही सारख्याच अंतराने चुकत असतील तर समोरची ट्यूनिंगची खुंटी पुरे. चूक सप्तकागणिक वाढत जात असेल तर पीसीबीवरचा सप्तकाचा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायची छोटी खुंटी) अगदी थोडा फिरवावा, मग पुन्हा खालचा षड्ज मिळवावा, पुन्हा वरचा ऐकावा. हे चार-पाच वेळा करावे लागते. पायपेटी मिळवणाऱ्या माणसाला हा धीर वेगळा शिकवायला नको. या रोगाची ओळख आपल्या देशात आपल्यापासून सुरू झाली आहे, असेही समजू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग कंपनीचा मॉड्युलर सिंथेसायझर बसवला गेला, आणि ट्रान्झिस्टरांचे हे उष्णतेचे गणित त्याही यंत्राला चुकलेले नव्हते.

प्रश्न: माझे किट बॅटरीवर स्वच्छ वाजते, पण अडॅप्टर लावला की ‘हूं’ असा सतत आवाज येतो. दोष किटात आहे की अडॅप्टरमध्ये? (वास्को)

उत्तर: त्या ‘हूं’चा स्वर पेटीवर शोधा. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा आंदोलते आणि हा आकडा अतिखर्जातल्या पांढरी पाचच्या जरासा वर पडतो. अडॅप्टरमध्ये वीज सरळ केल्यावर उरणारी थरथर १०० ची, म्हणजे त्याच्याच वरच्या सप्तकातली असते. गुणगुण पांढरी पाचच्या आसपास असेल आणि कुठलीही खुंटी फिरवून तिचा स्वर हलत नसेल, तर ती विजेच्या लाइनीची आहे. जुन्या, वजनदार ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरमध्ये ती हमखास सापडते. त्यावर बारा व्होल्टचे मोजमाप येत असेल आणि किट नऊ व्होल्टचे असेल, तर मध्ये ७८०९ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कपॅसिटर बसवल्यास ती जवळजवळ नाहीशी होते. खुंटीच्या धातूला बोट लावल्यावर गुणगुण कमी होत असेल, तर पोटेन्शिओमीटरचे (खुंटीखालच्या बदलत्या रेझिस्टरचे) अंग ग्राउंडला जोडायचे राहिले आहे. अडॅप्टर मात्र उघडू नका. आतल्या २३० व्होल्टशी या छंदाचा काही संबंध नाही.

प्रश्न: मे महिन्यात उत्तम वाजणारे किट जुलैत कुरकुरू लागले आणि स्वर आपोआप सरकू लागला. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. (काणकोण)

उत्तर: पीसीबी उलटी करून उजेडात तिरकी धरा. सांध्यांभोवती पिवळट, चिकट थर किंवा हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड दिसेल. चिकट थर फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावे म्हणून वापरलेल्या द्रव्याचा आहे. कोरड्या हवेत तो निरुपद्रवी असतो. पावसाळी, खारट हवेत ओल धरून दोन सांध्यांमधून अगदी बारीक प्रवाह झिरपू देतो. जिथे दहा लाख ओहमचे रेझिस्टर आहेत, तिथे एवढी गळतीही स्वर हलवायला पुरते.

माझ्या पहिल्या किटाचा याच रोगाने बळी गेला. एका दुकानातून सुट्या डबीतले फ्लक्स आणले होते. ते नळकाम करणाऱ्यांचे आम्लयुक्त फ्लक्स निघाले, आणि दोन पावसाळ्यांत त्याने पीसीबीवरच्या तांब्याच्या रेषाच खाल्ल्या. तेव्हा डबी कोणती वापरली ते आधी आठवून पाहा. साधे राळेचे फ्लक्स असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन पाठ घासा, सुटलेला मळ कोरड्या फडक्याने टिपून घ्या (नाही तर तो सगळीकडे पसरतो), आणि पंख्याखाली रात्रभर वाळवा. पोटेन्शिओमीटरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून खुंटी वीस-पंचवीस वेळा पुरती फिरवा. एरवी वाद्य झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या ओल धरतील तशा बदलत जा.

प्रश्न: किटातला २एन३९०४ ट्रान्झिस्टर तुटला, म्हणून म्हापशाच्या दुकानातून बीसी५४७ आणून लावला. आवाज येतो, पण अगदी क्षीण. शिवाय एका सांध्यावर सांगितलेला १० किलो-ओहमचा रेझिस्टर मीटरवर १२० ओहम दाखवतो. (पेडणे)

उत्तर: बीसी५४७ चालतो, पण त्याचे पाय उलट क्रमाने असतात. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर २एन३९०४ मध्ये डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर येतात आणि बीसी५४७ मध्ये कलेक्टर, बेस, एमिटर. छापील आकृतीच्या उलट दिशेला तोंड करून तो बसवा, आवाज भरून येईल.

रेझिस्टर मात्र सदोष नसून आपण तो मागच्या टोकाकडून वाचला आहे. पाच पट्ट्यांचा १० किलो-ओहमचा रेझिस्टर तपकिरी, काळा, काळा, लाल, तपकिरी असा असतो आणि १२० ओहमचा तपकिरी, लाल, काळा, काळा, तपकिरी. दोन्ही टोकांना तपकिरीच असल्यामुळे उलटे वाचले की एकाचा दुसरा होतो, आणि निळ्या अंगावर पिवळ्या दिव्याखाली तर तपकिरी आणि लाल यांतला फरकही धड दिसत नाही. म्हणजे १२० ओहमचा रेझिस्टर आपण १० किलो-ओहमच्या जागी लावलेला आहे. खरा १० किलो-ओहमचा रेझिस्टर आता जिथे १२० चा हवा होता तिथे बसलेला असणार. पीसीबीवर ती जागा शोधा आणि दोघांची अदलाबदल करा.